मावळतीकडची खाच

१

धाकटी दादाचा जेवणाचा डबा घेऊन पहिल्या घराच्या अंगणात शिरली, तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. दादाची हत्यारं पडवीत पसरलेली होती, रंधा फळीवर तसाच ठेवलेला होता, पण दादाचा पत्ता नव्हता. गेला असेल लाकूड आणायला वखारीत, असं म्हणून ती डबा ठेवायला जागा शोधू लागली, आणि तिची नजर विहिरीकडे गेली.

हे पहिलं घर म्हणजे वसाहतीचं भूषण. मूळपुरुषाने घोड्यावरून या माळावर येऊन बांधलेलं घर म्हणून त्याचं संग्रहालय केलेलं होतं, आणि वसाहतीच्या शताब्दीसाठी त्याची डागडुजी दादाकडे आलेली होती. अंगणातली विहीरही मूळपुरुषाचीच. तिला पाणी म्हणे कधीच लागलं नाही. तिचं जुनं झाकण कुजलं होतं, म्हणून दादाने नवं गोल झाकण करून बसवलं होतं.

ते झाकण चुकीचं लागलेलं होतं.

परक्या माणसाला यात काही कळलं नसतं. पण सुताराच्या घरातल्या मुलीला कळतंच. या वसाहतीतली जुनी कुटुंबं आपापली घरं सुटी करून, गाड्यांवर लादून इथे आली होती. घर सोडवताना प्रत्येक खांबाच्या, तुळईच्या उगवतीकडच्या अंगाला पटाशीने एक खाच पाडायची, आणि नव्या जागी उभारताना ती खाच पुन्हा उगवतीकडे करायची, म्हणजे घर चुकत नाही. घरं येऊन पिढ्या लोटल्या, पण सुतारांच्या हातातून ती खाच गेली नाही. दाराला खाच, पेटीला खाच, पिठाच्या पिंपाच्या झाकणालासुद्धा खाच. आणि झाकण लावायचं ते खाच उगवतीकडे करूनच. तसंच ते नीट बसतं, नाहीतर कडेला फट राहते.

विहिरीच्या झाकणाची खाच बरोब्बर मावळतीकडे होती आणि कडेला बोटभर फट होती.

'दादा असं कधी करायचा नाही,' असं पुटपुटत तिने दोन्ही हातांनी कडी ओढून झाकण जेमतेम तिरकं केलं. ऊन आत गेलं. तळाच्या चिखलातून गुरुजी तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांवर माशा बसल्या होत्या.

आपण किंचाळलो हे तिला नंतर लोकांनी सांगितलं.

२

गुरुजी म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि संग्रहालयाचे व्यवस्थापक. अर्ध्या वसाहतीने त्यांचा मार खाल्लेला, आणि तरी त्यांच्यावर सगळ्यांचा जीव. वखारीतून परत आलेल्या दादाला फौजदारांनी दिवस मावळायच्या आत कोठडीत टाकलं. आदल्या दिवशी दादा आणि गुरुजी अंगणात कडाक्याचे भांडले होते, ते रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं होतं. दादाची पटाशी विहिरीच्या काठाशी सापडली. आणि एवढं जड झाकण सुताराशिवाय कोण उचलणार?

"सोमवारी जिल्ह्याला पाठवतो," फौजदार म्हणाले. "पुढचं कोर्ट बघेल."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. आईवडिलांच्या मागे तिला दादाशिवाय कोणी नव्हतं. एकदा का तो जिल्ह्याच्या तुरुंगात गेला, की सुताराच्या पोरासाठी कोण धावणार? तिने आत्याला निरोप धाडला.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरली. उभा जन्म तिने कोर्टात साक्षी टिपून घेण्यात घालवला होता. साक्षीदार थापा मारतोय हे न्यायाधीशांच्या आधी तिच्या कानांना कळायचं, असं तीच सांगायची, आणि तिला खोटं पाडायची कोणाची छाती नव्हती. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने विचारलं, "रडून झालं का? झालं असेल तर मला पहिल्यापासून सांग. आणि 'मला वाटतं' असं एकदाही म्हणू नकोस."

धाकटीने सांगितलं. झाकणाशी येताच आत्याने तिला थांबवलं.

"खाच मावळतीकडे. तू डोळ्यांनी पाहिलीस?"

"हो. पण फौजदारांनी झाकण काढून बाजूला फेकलं. आता कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवते. सध्या तेवढं पुरे."

कोठडीत दादाने गजांना धरून सांगितलं, "भांडण झालं हे खरं आहे आत्या. गुरुजी मला विहिरीत उतरून गाळ काढ म्हणत होते. मी म्हटलं, मरेन पण उतरणार नाही. त्या विहिरीचं मला लहानपणापासून भय वाटतं. शताब्दीच्या भाषणाआधी त्यांना तळ बघायचा होता. का, ते सांगेनात. म्हणाले, खांबांवरचा गिलावा तू काढलास, तेव्हाच मला निम्मं कळलं."

"हे गाळाचं आणखी कोणाला ठाऊक होतं?"

"मूळपुरुषाच्या घराण्याला विचारल्याशिवाय विहिरीला हात लावणार नाही म्हणाले होते. सरळ माणूस होता ना!" दादाने कपाळ गजांना टेकवलं. "आत्या, मला सोडवशील ना?"

आत्या पदर खोचून निघालीसुद्धा, आणि त्याचीच धाकटीला जास्त भीती वाटली.

३

त्या दुपारी घरी माणसांची रीघ लागली. खरं तर तिघंच आली, पण घाबरलेल्या माणसाला तिघंही गर्दीच वाटतात.

पहिले आले वसाहतीचे अध्यक्ष. मूळपुरुषाचे पणतू. उंच, पांढरेशुभ्र कपडे, आणि शताब्दीची कमान अर्धवट राहिली म्हणून चेहऱ्यावर सुतक. "तुझ्या भावाला म्हणावं, रागाच्या भरात झालं असं कबूल कर. शिक्षा कमी होईल. वकील मी देतो." बोलताना त्यांना घाम फुटला होता. ते स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने पाणी घेऊन प्यायले.

"तुमच्याशी गुरुजी विहिरीबद्दल बोलले होते का हो?" आत्याने सहज विचारलं.

"माझ्याशी? मला कमानीतून सवड कुठे आहे? तुमच्या घराण्याच्या घरासंबंधी बोलायचंय म्हणाले, तर मी म्हटलं, आमच्या माईआत्याला विचारा. मी जन्मलो त्याच्या आधीच ते घर आम्ही देऊन टाकलं. आमचं घर विटांचं, डबे पत्र्याचे. जुन्यातलं मला काही कळत नाही बुवा."

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना संग्रहालयाच्या जागी दवाखाना हवा होता आणि त्यावरून गुरुजींशी त्यांचा उभा दावा होता. बोलायला फटकळ. "म्हातारा हट्टी होता, पण तुझा भाऊ त्याला मारणार नाही. झोप येत नसेल तर ही पूड घे," म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातच औषध कालवलं आणि धाकटीच्या हातात पेला दिला.

आणि शेवटी मागच्या दाराने माई आल्या. अध्यक्षांच्या सख्ख्या आत्या. शाळेच्या मुलांना पहिल्या घरात नेऊन मूळपुरुषाची गोष्ट सांगायचं काम त्यांचं. धाकटीची आई गेल्यापासून माईंनी तिला कधी परकं मानलं नव्हतं. आल्या तशा त्यांनी तिला जवळ घेतलं, आणि मग कुठे तिला मोकळेपणी रडता आलं.

"तू बस गं पोरी. दादाचा डबा मी करते," म्हणून त्या चुलीशी गेल्या.

डबा घेऊन धाकटी आणि आत्या कोठडीवर गेल्या. परत आल्यावर धाकटीने कुलूप उघडलं, दिवेलागणीच्या आधी पीठ काढून ठेवावं म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि उंबऱ्यातच थिजली.

पिठाच्या पिंपाचं झाकण फिरलेलं होतं. खाच मावळतीकडे.

"आत्या!" तिने हाक मारली. "तो इथे आला होता. ज्याने गुरुजींना मारलं तो आपल्या घरात येऊन गेला!"

४

आत्याने कुलूप पाहिलं. खिडक्यांचे अडसर पाहिले. पिंपाभोवती फिरून तिने झाकणाला हातही लावला नाही, आणि मग तिच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की धाकटीला तिचीही भीती वाटली.

"कुलूप शाबूत, अडसर शाबूत. चोरून कोणी आलेलं नाही. जे आले ते दारातून आले, आणि आपण त्यांना बसा म्हटलं."

"म्हणजे त्या तिघांपैकी..."

"चप्पल घाल. उजेड आहे तोवर मला ते घर बघायचंय."

विहिरीजवळून जाताना धाकटीने आत्याचा पदर घट्ट धरला. आतले खांब दादाने उघडे केले होते. शंभर वर्षांचं लाकूड काळंभोर झालं होतं, आणि खिडकीतून येणारं तिरपं ऊन खांबाच्या अंगावरच्या खाचेत पडलं होतं. दुसऱ्या खांबाच्याही. तिसऱ्याच्याही.

"मावळतीचं ऊन खाचेत कसं पडेल?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"तेच विचारते मी. मूळपुरुषाची गोष्ट सांग बघू. शाळेत पाठ केली असशील."

पाठ केली नव्हती, तिने ती भोगली होती. मूळपुरुष रिकाम्या हातांनी, नुसत्या घोड्यावर इथे आला. त्याने झाडं तोडली, घर बांधलं, विहीर खणली. त्याच्या सोबतीला एक कुटुंब होतं, ते तापाच्या साथीत सगळ्यांचं बियाणं घेऊन पळून गेलं. ते पळपुटे. शाळेच्या नाटकात दरवर्षी कोणातरी गरिबाच्या पोरीला पळपुटी करत आणि बाकीची मुलं तिला चिखलाचे गोळे मारत. धाकटी तीन वर्षं पळपुटी होती. घरी येऊन केसांतला चिखल धुताना ती ढसाढसा रडायची.

आत्याने खांबावर हात फिरवला. "झाडं तोडून जागच्या जागी घर बांधलं, तर खाचा कशाला पाडल्या? खाच पाडतात ती प्रवासाला निघालेल्या घराला. हे घर गाडीवरून आलंय. आणि मूळपुरुषाजवळ तर नुसता घोडा होता."

"मग हे घर कोणाचं?"

"ज्यांनी खाचा पाडल्या त्यांचं. त्यांनी ते उभारलं असतं तर खाचा उगवतीकडे आल्या असत्या. ज्यांनी उभारलं त्यांना खाचेचा अर्थच ठाऊक नव्हता. दार रस्त्याकडे हवं होतं, केलं तोंड फिरवून."

ओढ्यापलीकडे गवतात दगडांचा एक जुना ओटा होता. मुलं त्याला पळपुट्यांचा ओटा म्हणत. धाकटीने खिडकीतून तिकडे पाहिलं. ओट्याची लांबीरुंदी या घराएवढीच होती. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"आत्या, घर मागे टाकून माणसं पळतील. पण घर चोरणाऱ्याला आधी त्या माणसांचं काहीतरी..." अंगणातल्या विहिरीकडे बघायचीही तिला छाती होईना.

"मी फौजदारांकडे जाते," आत्या म्हणाली. "तू घरी जा आणि दार लावून घे. कोणालाही आत घेऊ नकोस. कोणालाही म्हणजे कोणालाही."

५

पुढच्या दाराला तिने अडसर घातला. मागचं दार लावायचं तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ते उघडून माई आत आल्या होत्या.

"एकटीच का गं? आत्या कुठे गेली?"

धाकटीला हायसं वाटलं. आत्याने कोणालाही नको म्हटलं होतं, पण माईंना 'कोणालाही' म्हणायचं म्हणजे काय! "येईल इतक्यात. बसा ना माई."

"बसून कसं चालेल, पोटात काही नको का?" माईंनी पदर खोचला. पिंपाचं झाकण उचललं. परातीत पीठ काढलं, आणि बोलता बोलता, पिंपाकडे न बघता, झाकण परत ठेवलं. दोन्ही हातांनी धरून हळूच फिरवलं. खाच मावळतीकडे आल्यावर हात थांबले.

धाकटीने भिंतीला पाठ लावली. पळावं तर दाराच्या वाटेत माई.

"अशी काय बघतेस?"

"झाकण," ती कशीबशी म्हणाली. "झाकण उलटं लागलं, माई."

"उलटं कसं? खाच मावळतीलाच असते. आमच्या घरात खांबांपासून डब्यापर्यंत..." माई थांबल्या. त्यांनी पिंपाकडे पाहिलं. मग पिठाने माखलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. मग धाकटीकडे. त्या नजरेत राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं असं धाकटीला वाटलं.

माईंनी मागे वळून दाराची कडी लावली.

"तुम्ही लोक कशी लावता?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"उगवतीकडे."

"सगळी वसाहत?"

"सगळी. तुमच्याखेरीज."

"आणि विहिरीचं तू पाहिलंस." माई एक पाऊल पुढे आल्या. "कोणाला सांगितलंस पोरी? आत्याला सांगितलंस? खरं सांग. तुला मी लहानाची मोठी केली, तुला काही करावं लागू नये असं मला फार वाटतं."

धाकटीने डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

"मला सांगितलंय," बाहेरून आत्याचा आवाज आला. "आणि मी फौजदारांना. खिडकी उघडी आहे माई, आम्ही ऐकलंय. कडी काढा."

माईंनी आधी परात झाकली, मग कडी काढली.

६

"झाकण जड आहे," फौजदार अजून मानायला तयार नव्हते. "या वयात यांच्याने..."

"उचलायचंय कुणाला?" आत्या म्हणाली. "तळ बघायला गुरुजींनीच काठाला टेकवून ठेवलेलं झाकण नुसतं ढकललं की पडतं. नवशिका खुनी झाकण पाडतो आणि पळत सुटतो. पण हे झाकण पडल्यावर कोणीतरी कडी धरून फिरवलं. हे डोक्याचं काम नाही, हाताच्या सवयीचं आहे. खांबांच्या खाचा मावळतीला असलेल्या त्या एका घरात ज्याचं लहानपण गेलं, त्याचाच हात खाच मावळतीला नेणार. अध्यक्ष विटांच्या घरात वाढले, डॉक्टरीणबाई परगावच्या. त्या घरात जन्मलेलं माणूस आता एकच उरलंय. माझा भाऊ, म्हणजे या पोरांचा बाप, माईंच्या डब्यांची झाकणं उलटी बसवून द्यायचा आणि घरी येऊन म्हणायचा, मोठ्या घरची तऱ्हाच न्यारी. तेव्हा आम्ही हसायचो."

माई खाली बसल्या होत्या. त्या धाकटीशी बोलल्या, बाकी कोणाशी नाही.

"गुरुजी मला विचारायला आले. विहीर उपसू का, म्हणाले. मी नको म्हटलं. हात जोडले. तर म्हणाले, शंभर वर्षं झाली माई, आता तरी त्यांना वर काढू या. वाकून तळ दाखवत होते मला." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मरताना आजीने मला सांगितलं होतं. तापाने माणसं निपचित पडलेली. बियाणं त्यांचं होतं, घर त्यांचं होतं. आमच्यापाशी काहीच नव्हतं. सगळी मेलेली नव्हती गं, जेव्हा... आजी म्हणाली, झाकण कधी काढू देऊ नकोस. मी त्या झाकणावर बसून खडे खेळले होते. तेव्हापासून मला धड झोप नाही. वडिलांनी खांबांना गिलावा केला, मी मुलांना गोष्ट सांगत राहिले. गोष्ट सांगितली की दिवसभर बरं वाटायचं."

"आणि दादा?" धाकटीने विचारलं. "माझा दादा फासावर गेला असता माई! तुम्ही त्याचाच डबा भरत होतात!"

माईंनी मान खाली घातली.

दादा दुसऱ्या दिवशी सुटला आणि सरळ पहिल्या घरी गेला. मरेन पण उतरणार नाही म्हणणारा तो गडी स्वतः कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. धाकटी काठावर उभी होती. ती तिथून हलली नाही. गाळाच्या पाट्या वर येत राहिल्या, आणि मग दादाने खालून हाक मारली, की आता पाटी नको, चादर द्या. हाडं मोठी होती तशी लहानही होती. अगदी शेवटी एक लाकडी डबी वर आली, मूठभर, झाकणासकट. झाकणावर खाच होती.

अध्यक्ष तिथेच उभे होते. कमान त्यांनी सकाळीच उतरवायला लावली होती. "हे घर परत तिकडे नेता येईल का रे?" त्यांनी दादाला विचारलं.

"येईल की. त्यासाठीच तर खाचा पाडल्यात त्यांनी," दादा म्हणाला.

घर ओट्यावर उभं राहिलं त्या सकाळी शाळेची मुलं आली होती. गोष्ट सांगायला आता माई नव्हत्या, म्हणून ते काम धाकटीवर आलं होतं. उगवतीचं ऊन एकेका खांबाच्या खाचेत भरत होतं आणि तिला बोलायला सुचत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने कंटाळून विचारलं, "पण मग ते पळपुटे पळून कुठे गेले?"

"कुठेच नाही बाळ," धाकटी म्हणाली. "ती माणसं इथेच होती."